थोरले वेल्सकर, धाकटे वेल्सकर

आई, तुझे वेल्सकर पुन्हा घरात आलेत. तू असताना ते जेवणाच्या टेबलाची अर्धी बाजू अडवून बसायचे, तसे नाहीत. या वेळी नुसते माझ्या डोक्यात. पण आलेत, आणि जायचं नाव काढत नाहीत. आज शनिवार आहे, बाहेर बर्फ पडतोय, ॲन आर्बरला फेब्रुवारीत दुसरं काय पडणार, आणि मी भाजी फोडणीला टाकायची सोडून तुला लिहीत बसलेय. कारण आधीच सांगून टाकते, म्हणजे तू "मुद्द्यावर ये" म्हणणार नाहीस. काउंटीच्या ज्या रस्ते-पूल खात्यात मी इतकी वर्षं आहे, तिथल्या माझ्या बॉसला नव्या बोर्डानं काढून टाकलं. त्याची जागा मला देऊ केली आहे. हो की नाही ते सांगायला सोमवारपर्यंत मुदत आहे. अशा वेळी लोक देवाला कौल लावतात, आणि मला मात्र साडेतीनशे वर्षांपूर्वी मेलेला वेल्सचा एक शेरीफ आठवला. ही सगळी तुझी कृपा.

त्याचं खरं नाव इथे लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही. त्या नावाची माणसं त्याच्या काउंटीत पैशाला पासरी होती, आणि पुढे सगळा घोटाळा झाला तो त्यामुळेच. बाबांनी एकदा चहा पिता पिता विचारलं, "काय म्हणतायत आज तुझे वेल्सकर?" आणि तेव्हापासून आपल्या घरात ते वेल्सकरच झाले. तू त्यांना अहोजाहो करायचीस. "वेल्सकर आज फार चिडले होते," "वेल्सकरांना या महिन्यात फुरसत नाही." घरी येणाऱ्या माझ्या मैत्रिणींना वाटायचं, इंडियात आपले कुणी काका आहेत आणि त्यांच्यामागे कोर्टकचेऱ्या लागल्यात. मीही कधी खुलासा केला नाही, कारण खरं सांगितलं असतं तर ते आणखी विचित्र वाटलं असतं.

तू मूळची इतिहासाची, पण आपण सोलापूर सोडून इथे आलो ते बाबांच्या लॅबसाठी. तुला युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत मायक्रोफिल्मच्या खोलीत पार्टटाइम काम मिळालं: लोकांनी वाचून टाकलेली रिळं पुन्हा नीट गुंडाळायची आणि डब्यात भरायची. एका रिळात वेल्सच्या कुठल्याशा आडबाजूच्या काउंटीचे जुने कागद होते. गुंडाळता गुंडाळता तू वाचलंस की अमक्याच्या मेंढ्या तमक्याच्या कुरणात शिरल्या आणि त्यावरून दोघांनी एकमेकांची डोकी फोडली. "अगं, हे तर थेट आपल्या बार्शीकडचं वाटतं," तू घरी येऊन म्हणालीस, आणि दुसऱ्या दिवशी तेच रीळ पुन्हा काढलंस. मग एक क्लास लावलास, मग डिग्री, मग त्याच्या पुढची डिग्री. साडीवर लांब कोट, पायात बर्फाचे बूट, खांद्याला बाबांची जुनी ऑफिसबॅग, अशी तू चाळिशीला टेकलेली बाई पोरांच्या रांगेत बससाठी उभी असायचीस. माझ्या शाळेच्या बसमधून तू दिसलीस की मी काचेवर हात आपटून हाका मारायचे, आणि तुझं लक्ष कधीच नसायचं.

इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना हे प्रकरण पचायला जड गेलं. सतराव्या शतकावर डॉक्टरेट म्हटलं की सगळे खूश व्हायचे, कारण सतरावं शतक म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यापुढे एकच गोष्ट येते. मग वेल्स ऐकलं की चेहरे उतरायचे. "वहिनी, आपल्याकडे इतके पराक्रमी लोक पडलेत, ते सोडून हा कोण मेंढपाळ धरलात?" असं एका काकांनी गणपतीच्या जेवणात सगळ्यांसमोर विचारलं होतं. तू पदर खोचून मसालेभात वाढत होतीस. "पराक्रमावर लिहायला पुष्कळ जण आहेत हो," तू म्हणालीस, "पराक्रम उरकल्यावर पूल कोण दुरुस्त करतं ते मला बघायचंय." काकांनी निमूट भात घेतला आणि पार्किंगचा विषय काढला.

आणि त्याच मंडळात तू वेल्सकरांच्या काळातली एक पद्धत रुजवलीस. शेरीफ होणं तेव्हा मानाचं, पण मनातून कुणालाच नको असायचं. वर्षभर काउंटी सोडायची नाही, न्यायाधीश आले की त्यांची सरबराई करायची, मागेपुढे गणवेशातली माणसं मिरवायची, आणि हे सगळं पदरमोड करून. म्हणून दर साली तीन नावं राजापुढे जायची आणि राजा सुई घेऊन त्यातल्या एका नावाशेजारी भोक पाडायचा. भोक पडलं की तो शेरीफ, मग कितीही आजारी असो. आपल्याकडे मंडळाचं अध्यक्षपद अगदी तसंच. यंदा मुलीचं ग्रॅज्युएशन आहे, यंदा सासूबाई यायच्यात, यंदा आमचं ग्रीन कार्ड अडकलंय. शेवटी एका मीटिंगमध्ये तू पर्समधून सेफ्टी पिन काढलीस, तीन नावं कागदावर लिहिलीस, आणि इंडियातून आलेल्या कुणाच्या तरी आजींना डोळे मिटून टोचायला सांगितलंस. भोक पडलं बाबांच्या नावाला. घरी येताना गाडीत बाबा तुझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि तू खिडकीकडे तोंड करून हसत होतीस. मंडळात ती पद्धत तू गेल्यावरही बरीच वर्षं चालली.

वेल्सकरांचं आयुष्य मी ऐकलं ते शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. सोलापूरहून आणलेला लोखंडी खलबत्ता तू स्वयंपाकघरात खाली टॉवेल अंथरून मांडायचीस. ठोके पडायला लागले की खालच्या मजल्यावरची बाई तिच्या छताला झाडूचा दांडा मारायची, आणि तू मुद्दाम दोन ठोके जास्त द्यायचीस. मध्ये मध्ये गोष्ट. ते टेकडीखालच्या एका दगडी घरात जन्मले. लंडनला वकिली शिकायला गेले आणि वकिलापेक्षा शिंप्याकडेच जास्त रमले. परत आले, शेजारच्या जमीनदाराची मुलगी केली. तिशीत जस्टिस ऑफ द पीस झाले, म्हणजे आपल्याकडचा मामलेदार आणि मॅजिस्ट्रेट एकाच डगल्यात. मग सुई टोचून शेरीफ. मग काउंटीकडून पार्लमेंटात, आणि तिथे तोंड फारसं उघडलं नाही. वर्षातून चार वेळा काउंटीचं कोर्ट बसायचं आणि त्यातला निम्मा वेळ एका पुलावर जायचा. लाकडी पूल कुजलाय, दगडाचा करायचा, तर त्यासाठी कर नदीच्या अलीकडच्या गावावर बसवायचा की पलीकडच्या? वर्षानुवर्षं तेच. मग राजा आणि पार्लमेंट यांचं युद्ध पेटलं. वेल्सकर राजाच्या बाजूचे. राजा हरला. "आणि लगेच पुढच्या कागदात," तू बत्ता हातात धरून थांबायचीस, "वेल्सकर पार्लमेंटच्या बाजूनं त्याच काउंटीच्या कमिटीवर! पुन्हा निवडून आलेले! आणि कोर्टात पुन्हा तोच पूल!" मग राजाचं मुंडकं उडालं, हुकूमशाही आली आणि गेली, नवा राजा आला, वेल्सकर आपले जागच्या जागी. तेवढ्यात पूल दगडाचा होऊन गेला. मी पुलांची इंजिनियर झाले ती या गोष्टीमुळे असं तू सगळ्यांना सांगायचीस. तसं काही नाही. मला गणित बरं यायचं आणि पगार चांगला होता.

कॉलेजात असताना मी तुझ्याशी यावरून भांडले होते. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला घरी आले होते, नुकतीच शिंगं फुटली होती, आणि तू पोळ्या लाटत वेल्सकरांचं कौतुक सांगत होतीस. "आई, ही इज सो स्लिमी यार," मी म्हटलं. "ज्याचं राज्य त्याची चाकरी. नुसत्या कोलांटउड्या मारल्यात या माणसानं, आणि तू त्याच्यावर पुस्तक लिहितेस?" तू लाटणं थांबवलं नाहीस. "तुझ्या वयाला वाटतं, सगळ्यांनी राजीनामे द्यावेत," तू म्हणालीस. "राजीनामा द्यायला एक मिनिट लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नदीला पाणी आलं म्हणजे काय करायचं, ते तुझ्यासारखे लोक सांगत नाहीत. बस खाली, पोळी गरम आहे तोवर खा." मी तणतणत खाल्ली. पण तुझं ते बोलणं मला लागलं, आणि खरं सांगायचं तर पटलंही. पुढे नोकरीत कितीतरी वेळा मी ते स्वतःचं म्हणून लोकांना ऐकवलंय.

त्यानंतर किती वर्षं गेली आणि पुस्तक एकदाचं पुरं झालं. युनिव्हर्सिटी प्रेसनं ते घेतलंही. तू तेव्हा शेवटच्या टिपा तपासत होतीस, आणि त्याच सुमारास तुझे गुडघे धरले होते. मी रविवारी आले तर तू स्वयंपाकघरात एका खुर्चीवर बसलेली, दुसऱ्या खुर्चीवर पाय, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि तू उठत नव्हतीस. मी गॅस बंद केला. "वेल्सकर दोन आहेत," तू म्हणालीस.

मला वाटलं, औषधाची गुंगी असेल. मग तू सांगितलंस. युद्ध हरल्यावर राजाच्या बाजूच्या माणसांना लंडनला जाऊन दंड भरून माफी मागावी लागे. वेल्सकरांनी अर्ज केला होता की गुडघे धरलेत, घोड्यावर बसवत नाही, मुदत वाढवून मिळावी. अर्ज फेब्रुवारीतला. दुसरा एक कागद होता, त्यात वेल्सकर लंडनला, पार्लमेंटात हजर, आणि तोही फेब्रुवारीतला. आता त्यांचं वर्ष तेव्हा सुरू व्हायचं मार्चच्या अखेरीला, आपला पाडवा येतो साधारण तेव्हा, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या कागदांवरचं साल वाचताना एका वर्षानं पुढे धरावं लागतं. शके आणि इसवी सन दोन्ही वाचत लहानाची मोठी झालेली तू, तुला हे कुणी शिकवायलाही लागलं नव्हतं. तू दोन्ही कागदांचं साल पुढे धरलंस. पण दुसरा कागद तू पाहिला होतास तो छापील नकलेत, आणि छापणाऱ्यानं ते साल आधीच पुढे करून ठेवलं होतं. सुधारलेलंच तू पुन्हा सुधारलंस. म्हणून इतकी वर्षं तुझ्या पुस्तकात त्या दोन कागदांमध्ये वर्षभराचं अंतर होतं, आणि वर्षभरात माणूस बाजू बदलतो, गुडघेही सुधारतात. ते वर्ष काढून टाकलं की उरतो एकच महिना. "एका महिन्यात कुणाचे गुडघे इतके बरे होत नाहीत गं," तू आपल्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणालीस, "मला विचार."

मग तू सगळं उलटसुलट तपासलं होतंस, आणि निघालं ते असं: काकाचंच नाव पुतण्याला ठेवलेलं. राजाच्या बाजूचा तो काका. त्याला कोर्टातून काढून घरी बसवलं. आणि पार्लमेंटच्या बाजूचा पुतण्या जाऊन त्याच खुर्चीवर बसला. बाबा हॉलमधून ओरडले, "म्हणजे तिकडेही काका-पुतण्याच का!" आणि आपण तिघं इतकं हसलो की तुझी पिशवी खाली पडली. हसता हसताच तू रडायला लागलीस. मी तुला तसं रडताना आधी पाहिलं नव्हतं, आजी गेली तेव्हाही नाही. "एक माणूस होता तोवर तो शहाणा होता," तू म्हणालीस. "सगळ्यांशी जुळवून घेऊन काउंटी चालवणारा. आता एक बिचारा झाला, आणि दुसरा..." दुसरा काय ते तू सांगितलं नाहीस. मी विचारलं, "म्हणजे पुतण्या वाईट?" तू म्हणालीस, "माहीत नाही." मी विचारलं, "काका त्याच्याशी बोलत होता का नंतर?" तू म्हणालीस, "कागदात नाही." "पण तुला काय वाटतं?" "मला वाटून काय उपयोग? कागदात नाही ते मी सांगायचं नाही." मग तू नाक पुसलंस आणि म्हणालीस की भात गार होतोय.

दुसऱ्या दिवशी तू प्रेसला फोन करून पुस्तक मागे घेतलंस. बाबांनी जीव तोडून समजावलं. "अगं, कोण बघणार आहे? वेल्समधल्या मेंढ्या?" तू म्हणालीस, "मी बघितलंय ना." पुढे थोरले वेल्सकर आणि धाकटे वेल्सकर असं दोघांचं नवं पुस्तक तू सुरू केलंस. धाकट्यांचं काम झपाट्यानं होईना. त्यांचं तुला जमत नव्हतं, म्हणजे त्यांच्याबद्दल प्रेमानं लिहायचं जमत नव्हतं. पूल दगडाचा केला तो त्यांनीच, हे तू प्रामाणिकपणे लिहिलंस. थोरले नवा राजा यायच्या आधीच वारले, त्यांची जागा त्यांना परत मिळाली नाही. त्या दगडी पुलावरून ते कधी गेले का, हेही म्हणे कागदात नाही. दोन प्रकरणं झाली, मग तुझं दुखणं आलं, आणि तू गेलीस.

आता माझं ऐक. माझा बॉस तुला आठवत असेल. मुलगी लहान होती आणि मधल्या गॅपमुळे मला कुणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा यानं नोकरी दिली. पहिल्या दिवशी हातात हातोडी ठेवली आणि एका पुलावर ठोकत ठोकत चालायला लावलं. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं, आतून सुटलेलं असलं की बद्द. "लिसन," तो म्हणाला, "ड्रॉइंग्ज कॅन वेट." तू गेलीस तेव्हा तो आपल्या घरी आला होता. बूट दाराबाहेर काढले, मोज्याला अंगठ्यापाशी भोक, मांडी घालता येईना म्हणून भिंतीला टेकून पाय लांब करून बसला आणि बाबांशी तासभर हवामानावर बोलला. बाबा नंतर म्हणाले, आज आलेल्या सगळ्यांमध्ये हाच एक शहाणा होता.

गेल्या उन्हाळ्यात त्यानं काउंटीच्या उत्तर टोकाचा एक पूल बंद केला. करायलाच हवा होता. त्या पुलावर हातोडी मी मारली होती, तो जागोजाग बद्द वाजत होता. पण त्यानं काय करावं? एका सकाळी बॅरिकेड लावले आणि घरी गेला. शाळेच्या बसला वळसा, दुधाच्या टँकरला वळसा, ॲम्ब्युलन्सला वळसा. लोकांनी टाउनशिप हॉलमध्ये मीटिंग ठेवली, याला बोलावलं, हा गेला नाही. "जा आणि समजावून सांग ना त्यांना," मी किती वेळा म्हटलं असेल. "काँक्रीट डझन्ट डू मीटिंग्ज," हे त्याचं उत्तर. नोव्हेंबरात निवडणूक झाली, चिडलेले लोक निवडून आले, आणि जानेवारीच्या पहिल्याच मीटिंगमध्ये नव्या बोर्डानं हात वर करून मतं दिली आणि त्याची नोकरी संपवली. आम्ही सगळे मागच्या रांगेत बसलो होतो. तो उठला, कोट घातला, खुर्ची आत सरकवली आणि कुणाकडे न बघता निघून गेला. मला त्या लोकांचा भयंकर संताप आला होता.

त्याआधी एकदा जेवताना आम्ही तिघांनी, म्हणजे त्याच्या हाताखाली तयार झालेल्या तिघांनी, ठरवलं होतं की त्याला काढलं तर आपणही जायचं. सगळ्यात आधी तोंड उघडलं ते मीच. बाकीच्या दोघांनी नोटीस दिली सुद्धा. माझ्या टेबलापाशी येऊन ते काही विचारत नाहीत, नुसते "हाऊज इट गोइंग" म्हणतात.

बोर्डाची नवी अध्यक्ष ही दुभत्या गाईंचा मोठा गोठा चालवणारी बाई आहे. मला वाटलं होतं, येईल आणि पूल उघड म्हणून दम देईल. मग राजीनामा तोंडावर फेकायला मला बरं पडलं असतं. ती चिखलाच्या बुटांनी माझ्या ऑफिसात आली, दार लावलं आणि म्हणाली, "यू से इट्स क्लोज्ड, इट्स क्लोज्ड." तिची अट एकच. डायरेक्टरची जागा मी घ्यायची आणि टाउनशिप हॉलमध्ये उभं राहून लोकांच्या प्रश्नांना मी उत्तरं द्यायची. "ही नेव्हर केम," ती म्हणाली. आई, यावर मी काय बोलणार? उन्हाळ्यापासून मी स्वतःच तेच म्हणत होते.

मी बॉसला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "इट्स युवर कॉल," आणि लगेच विचारलं, रस्त्यावर टाकायचं मीठ पुरेसं आलंय का. मी त्याला ओळखते. बोलायचं नसलं की तो मिठाची चौकशी करतो. आपल्या फ्रिस्कोवालीला, तुझ्या नातीलाही, फोन केला. ती म्हणाली, "मॉम, टेक इट. ही'ड वॉन्ट यू टू." मी म्हटलं, "त्याच्या मनातलं तुला टेक्सासात बसून कळलं?" तर म्हणते, "यू साउंड हॅपी, सो व्हॉट्स द प्रॉब्लेम?" मी चिडून फोन ठेवला. तुझ्यावर गेलीय, नको तिथे बोट ठेवते.

तर असे वेल्सकर आले. जागा देऊ केली त्या दिवशी घरी येताना पहिला विचार आला तो हाच की राजे आले आणि गेले, आपले वेल्सकर नाही का काम धरून राहिले? मला केवढं हलकं वाटलं! गाडी आपल्या गल्लीत वळली आणि मग आठवलं की राहिलेला वेल्सकर नव्हताच. तो तुझ्या चुकीच्या सालातून तयार झालेला माणूस. एकाला घालवलं आणि दुसरा आला, एवढंच खरं आहे. कॉलेजात तू मला जे ऐकवलंस, दुसऱ्या दिवशी नदीला पाणी येतं वगैरे, तेही त्या नसलेल्या माणसाच्या वतीनं. मला तुझा राग आला, आई. निदान एक तरी माणूस शिल्लक ठेवायचा होतास, ज्याच्याकडे बोट दाखवता आलं असतं. पुस्तक छापून टाकलं असतंस तर आज मी ते कपाटातून काढलं असतं आणि निश्चिंत झाले असते.

मला तुला विचारायचं होतं ते पूल, बोर्ड, लोकांची सोय यातलं काहीच नाही. त्या सगळ्याला माझ्याकडे उत्तरं आहेत, आणि ती खरीही आहेत. मी नाही म्हटलं तर बाहेरून कुणीतरी येईल, त्याला आमचे पूल ठाऊक नसतील, हे अगदी खरं आहे. मला विचारायचं आहे ते तेच, जे तेव्हा भात गार होत असताना विचारलं होतं. पुतण्यानं जागा घेतल्यावर काका त्याच्याशी बोलला का? रस्त्यात गाठ पडली तर घोडा थांबवला का? तू सांगायची नाहीस हे मला माहीत आहे. तू असतीस तरी सांगितलं नसतंस.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, तेव्हा लपवण्यातही अर्थ नाही. तुला वाटलं असेल, पोर अडचणीत आहे, सल्ला मागतेय. तसं नाही. मुदत सोमवारपर्यंत आहे हे खरं, पण मी गुरुवारीच त्या बाईकडे जाऊन हो म्हणून आले. हात मिळवला तेव्हा माझ्या डोक्यात ना पूल होता ना नदी. पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसले आणि आरशात बघितलं तर मी हसत होते. मला ती जागा हवी होती, आई, खूप वर्षांपासून हवी होती. मी हो म्हटल्याचं बॉसला अजून सांगितलेलं नाही.